सोलापूरची हुतात्मा बाग आणि भुईकोट किल्ला : भेटीआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हुतात्मा बाग नेमकी कुठे आहे?

सोलापूरच्या अगदी मध्यभागी, भुईकोट किल्ल्याच्या तटाला लागून ही बाग आहे. एका अंगाला पार्क चौकाची दिवसभर न थांबणारी वर्दळ, दुसऱ्या अंगाला किल्ल्याचे बुरूज आणि त्यापलीकडे सिद्धेश्वर तलाव, अशी तिची जागा आहे. पार्क मैदान, हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह, चार हुतात्म्यांचे पुतळे आणि होम मैदान ही सगळी ठिकाणे येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. म्हणून बागेची भेट ही एकट्या बागेची भेट न समजता किल्ला, तलाव आणि त्यातील सिद्धेश्वर मंदिर यांच्यासह एकाच परिसराची भेट समजावी.

रेल्वे स्थानकावरून किंवा एसटी स्थानकावरून तेथे कसे पोहोचावे?

दोन्ही ठिकाणांहून रिक्षाने थोड्याच वेळात पोहोचता येते. रिक्षाचालकाला ‘पार्क चौक’ किंवा ‘चार पुतळा’ एवढे सांगितले तरी पुरते; ‘किल्ला बाग’ म्हटले तरी कोणी चुकत नाही. बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे. सामान हलके असेल आणि उन्हाची वेळ नसेल तर रेल्वे स्थानकापासून चालतही जाता येते. स्वतःच्या चारचाकीने येणाऱ्यांनी मात्र संध्याकाळी पार्क चौकात गाडी लावण्यास जागा मिळेल असे गृहीत धरू नये. मुक्कामाच्या ठिकाणी गाडी ठेवून रिक्षाने येणे अधिक सोयीचे ठरते.

बागेला हुतात्म्यांचे नाव का दिले आहे?

हा प्रश्न बाहेरगावचे पाहुणे नेहमी विचारतात आणि त्याचे उत्तर आत पाऊल टाकण्यापूर्वीच माहीत असावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

मे १९३० मध्ये महात्मा गांधींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्यांच्या या शहरात हरताळ पडला. ८ मे रोजी जमावावर गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण बळी पडला आणि शहर पेटून उठले. मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली गेली आणि त्यात दोन पोलीस मरण पावले. पुढचे काही दिवस इंग्रजांची सत्ता सोलापुरात नावालाही उरली नव्हती. काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावर उभे राहून शहराची व्यवस्था पाहत होते. त्यानंतर १२ मे १९३० रोजी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारण्यात आला. डोक्यावर गांधी टोपी घालणे किंवा हातात तिरंगा धरणे एवढाही तेव्हा शिक्षेस पुरेसा गुन्हा ठरत असे. जुन्या सोलापूरकरांच्या बोलण्यात ‘मार्शल लॉच्या वेळी’ हा कालनिर्देश पुढे कित्येक वर्षे टिकून राहिला.

चौकी जाळल्याच्या आणि पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ भगवान शिंदे आणि श्रीकिसन लक्ष्मीनारायण सारडा या चौघांवर खटला चालवण्यात आला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांनाही फाशी देण्यात आली. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते आणि ऐन विशीत होते. चौघे चार वेगळ्या समाजांतले होते, आणि सोलापूरला या गोष्टीचा आजही विशेष अभिमान आहे. त्यांचे पुतळे बागेपासून जवळच, चौकात एकत्र उभे आहेत. बागेत येण्यापूर्वी तेथे पाच मिनिटे थांबून चारही नावे वाचावीत. घाईघाईत सिग्नल ओलांडणाऱ्या माणसाला ते चार पुतळे केवळ चौकाची खूण वाटतात. नावे वाचल्यावर तसे वाटत नाही.

किल्ला आणि बाग यांत प्रवेश एकच आहे का? तिकीट लागते का?

बाग ही महानगरपालिकेची सार्वजनिक बाग आहे, तर किल्ला हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे संरक्षित स्मारक आहे. त्यामुळे दोन्हींची व्यवस्था, वेळ आणि शुल्क वेगवेगळे असते. शुल्काच्या आणि वेळेच्या बाबतीत प्रवेशद्वाराजवळील फलकावर त्या दिवशी जे लिहिलेले असेल तेच प्रमाण मानावे, कारण यात वेळोवेळी बदल होत असतात. पुरातत्त्व विभागाच्या तिकीट असलेल्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो. किल्ला सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतो हे धरून चालावे. म्हणजे संध्याकाळी पाचनंतर पोहोचणाऱ्याने आधी किल्ला पाहावा आणि मग बागेत यावे.

सपाट जमिनीवरचा हा किल्ला इतका महत्त्वाचा का होता?

सोलापूरच्या आसपास डोंगर नाही. मैलोन्‌मैल काळी, सपाट जमीन आहे. अशा ठिकाणी उंचीचा आधार मिळत नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी पाण्याचा आणि भिंतींचा आधार घेतला. एका बाजूला सिद्धेश्वर तलाव, उरलेल्या तीन बाजूंना रुंद आणि खोल खंदक, त्यामागे एकाआड एक असे दोन तट, अशी ही रचना आहे. बाहेरच्या तटापेक्षा आतला तट उंच ठेवला आहे. शत्रूने खंदक ओलांडून पहिली भिंत गाठली तरी दुसऱ्या भिंतीवरचे बंदूकधारी त्याच्या डोक्यावरच असावेत, असा त्यामागचा हिशेब आहे. किल्ला बहामनी काळातला, म्हणजे चौदाव्या शतकाच्या सुमाराचा, आणि त्यावर पुढच्या राजवटींनी आपापली भर घातलेली आहे.

विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही या दोन राज्यांच्या सीमेवर सोलापूर असल्याने हा किल्ला दोघांनाही हवा होता. त्याची कथा लग्नांशी जोडलेली आहे. सोळाव्या शतकात विजापूरच्या राजघराण्यातील मुलगी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली गेली, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून देण्याचे ठरले. प्रत्यक्षात ते दिले गेले नाही आणि त्यावरून दोन्ही राज्यांत दीर्घकाळ युद्धे झाली. पुढे हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली गेली, तेव्हा हाच किल्ला उलट दिशेने, अहमदनगरकडून विजापूरला आंदण गेला. ज्या चांदबीबीने पुढे अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला, तीच ही. त्यानंतर मोगल आले, मराठे आले आणि मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने किल्ल्याबाहेर तळ दिलेल्या पेशव्यांच्या सैन्याचा पराभव केल्यावर काही दिवसांतच किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. दुसरा बाजीराव पुढच्याच महिन्यात इंग्रजांच्या स्वाधीन झाला, हे लक्षात घेतले म्हणजे सोलापूरची ही लढाई किती अखेरच्या टप्प्यातली होती ते कळते.

किल्ल्यात गेल्यावर नेमके काय पाहावे?

दरवाज्यातून आत शिरताना आधी देवडीकडे, म्हणजे पहारेकऱ्यांच्या जागेकडे पाहावे. वाट सरळ आत जात नाही. ती वळणे घेते, जेणेकरून हत्ती किंवा माणसांचा लोंढा धावत येऊन दारावर आदळू शकणार नाही. आत गेल्यावर बत्तीस खांबांची जुनी वास्तू आहे, तसेच खोदकामात उघड झालेले एका प्राचीन देवालयाचे दगडी अवशेषही आहेत. तटावरच्या चर्या, म्हणजे माथ्यावरचे दगडी कंगोरे, आणि बंदुकीसाठी ठेवलेल्या जंग्या वाकून पाहण्याजोग्या आहेत: एका भोकातून समोर, तर शेजारच्या भोकातून खाली खंदकाकडे नेम धरता येईल अशी त्यांची तिरकी घडण आहे.

पण आमचे खरे सांगणे तटाच्या दगडांविषयी आहे. बाहेरचा तट बांधताना जुन्या देवळांचे दगड वापरले गेले. त्यामुळे साध्या घडीव दगडांच्या रांगेत मध्येच एखादा नक्षीचा तुकडा, एखादे कमळ, एखाद्या खांबाचा कापलेला भाग बसवलेला दिसतो, आणि काही ठिकाणी तर नक्षी आडवी किंवा उलटीही बसली आहे. गवंड्याला तेव्हा चौकोनी दगड हवा होता, कमळ नको होते. सकाळी ऊन तिरके पडते तेव्हा ही नक्षी सावलीमुळे उठून दिसते. दुपारी बाराला तीच भिंत सपाट वाटते. म्हणून तटाजवळून चालताना बुरुजांची छायाचित्रे काढण्याआधी एक फेरी केवळ दगड पाहत मारावी. सोलापूरचा बाराव्या शतकापासूनचा इतिहास या एका भिंतीत जितका जवळून पाहता येतो, तितका दुसरीकडे कुठे पाहता येईल असे आम्हाला वाटत नाही.

सगळे नीट पाहायला किती वेळ लागतो आणि कोणत्या क्रमाने जावे?

चार पुतळे, किल्ला, बाग, तलावाचा काठ आणि सिद्धेश्वर मंदिर या क्रमाने अर्धा दिवस पुरतो. सकाळी लवकर सुरुवात करणे सर्वांत चांगले. वेळ कमी असेल तर मंदिर आणि किल्ला यांपैकी एकाची निवड करावी, पण दोन्ही धावतपळत पाहू नयेत. पुण्याहून किंवा हैदराबादहून गाडीने येऊन दुपारच्या गाडीने परतणारे पाहुणे बहुधा बाग गाळतात. त्यांनी निदान तटाच्या सावलीत अर्धा तास बसावे, कारण किल्ल्याचे बाहेरचे रूप बागेतूनच नीट नजरेत भरते.

कोणत्या ऋतूत यावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२ अंशांच्याही वर जातो आणि काळा दगड संध्याकाळपर्यंत तापलेला राहतो. उन्हाळ्यात यावेच लागले तर सकाळी नऊच्या आत किल्ला उरकावा, टोपी किंवा उपरणे आणि भरपूर पाणी सोबत असावे. पावसाळा येथे कोकणासारखा धुवाधार नसतो. बराचसा पाऊस सप्टेंबरात पडतो. त्या दिवसांत तटाच्या फटींतून गवत उगवते आणि परिसर हिरवा दिसतो, मात्र पायऱ्या निसरड्या होतात.

लहान मुलांना आणि वयस्कर मंडळींना हा परिसर सोयीचा आहे का?

बाग सोयीची आहे. सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा आणि संध्याकाळी मुलांना घेऊन येणारी कुटुंबे हेच तिचे रोजचे मानकरी आहेत, आणि पाहुण्यांनी हे ध्यानात ठेवून वागावे. सकाळच्या वेळी वाटेच्या मध्यभागी उभे राहून छायाचित्रे काढत बसू नये. किल्ल्यात चढ फारसा नाही, पण जमीन उंचसखल आहे आणि तटावर जाणाऱ्या पायऱ्या उंच आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तटावर न जाता खालूनच फिरावे. तटाच्या कडेला सर्वत्र कठडा नसल्याने मुलांचा हात सोडू नये. ही सूचना आम्ही अतिशय गांभीर्याने करत आहोत.

गड्डा यात्रेच्या दिवसांत यावे का?

तुम्हाला निवांत बाग आणि मोकळा किल्ला हवा असेल तर येऊ नये. सोलापूर जाणून घ्यायचे असेल तर मात्र याच दिवसांत यावे.

ग्रामदैवत सिद्धेश्वर महाराजांची ही यात्रा मकर संक्रांतीच्या सुमारास भरते. सिद्धेश्वर म्हणजेच बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर. त्यांनी हा तलाव बांधला आणि नगराभोवती ६८ लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. एका कुंभारकन्येने त्यांच्याशीच विवाह करण्याचा ध्यास घेतला, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली. त्या विवाहाचा सोहळा म्हणजे ही यात्रा होय. योगदंडाचे प्रतीक असलेले सात उंच नंदीध्वज मिरवणुकीने निघतात. पहिल्या दिवशी, साधारणपणे १३ जानेवारीला, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, त्यानंतर होम मैदानावर होमप्रदीपन आणि मग शोभेचे दारूकाम होते.

नंदीध्वज पेलणाऱ्याकडे एकदा जवळून पाहावे. पांढऱ्या बाराबंदीतला तो माणूस कमरेच्या पट्ट्यात त्या प्रचंड काठीचे टोक रोवतो, मान वर करून शेंड्याकडे पाहतो आणि तोल जाऊ न देता एकेक पाऊल टाकत जातो. थकल्यावर दुसरा पुढे येतो आणि काठी जमिनीला न टेकता हातोहात दिली जाते. यासाठी कित्येक आठवडे आधीपासून सराव चालतो.

या दिवसांत होम मैदानावर पाळणे, खेळण्यांची आणि खाऊची दुकाने लागतात, आसपासचे रस्ते वाहनांसाठी बंद होतात आणि मुक्कामाच्या खोल्या मिळणे कठीण होते. १२ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करून दुसऱ्या दिवसापासून यात्रेत सामील होता येते. हे दोन सोहळे पाठोपाठ येणे हा योगायोग असला तरी, शहराचे मन समजून घेण्यास याहून चांगला आठवडा नाही.

सिद्धेश्वर मंदिरात जाताना काय लक्षात ठेवावे?

मंदिर तलावाच्या पाण्याने वेढलेले आहे आणि आवारात सिद्धरामेश्वरांची समाधी आहे. पादत्राणे बाहेर ठेवावीत, गाभाऱ्यात छायाचित्रे काढू नयेत, माशांना काहीही खाऊ घालू नये. श्रावणातल्या सोमवारी गर्दी मोठी असते. काठावर बगळे, ढोकरी आणि पाणकावळे दिसतात. पक्ष्यांची आवड असलेल्यांनी उजाडताच जावे.

परिसरात खाण्यापिण्याची काय सोय आहे?

संध्याकाळी पार्क चौकाच्या आसपास भेळ, पाणीपुरी, भजी असे सगळे मिळते. पण सोलापुरात येऊन तेवढ्यावर थांबू नये. जवळच्या नवी पेठेतून शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी आणि शेंगा पोळी घ्यावी. चांगली शेंगा चटणी कोरड्या भुकटीसारखी नसते. दाण्याचे तेल सुटेपर्यंत ती उखळात कुटलेली असते आणि बोटांनी दाबली तर तिचा गोळा होतो. घेताना एवढे पाहावे. कडक भाकरी अनेक दिवस टिकत असल्याने परतीच्या प्रवासासाठी ती उत्तम शिदोरी आहे. डिसेंबर-जानेवारीत आलात तर शहराबाहेरच्या शेतावर ज्वारीचा हुरडा खाण्याची संधी सोडू नये.

बागेत डबा खाता येईल का?

बागेत स्वच्छतेचे भान ठेवून खावे. किल्ल्याच्या आत खाद्यपदार्थ नेऊ नयेत. उरलेले अन्न टाकल्याने कुत्री आणि माकडे येतात, आणि त्याचा त्रास दुसऱ्या दिवशी आवार झाडणाऱ्या मावशींना होतो.

छायाचित्रणाला परवानगी आहे का?

मोबाइलने किंवा हातातल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे काढण्यास सहसा अडचण येत नाही. तिवईवर कॅमेरा लावून चित्रीकरण करायचे असेल, विवाहापूर्वीचे छायाचित्रण असेल किंवा ड्रोन उडवायचा असेल तर संबंधित विभागाची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. ती न घेता येऊन पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नये. तो नियम पाळायला बसलेला आहे.

दगडांवर नावे लिहिलेली दिसतात. त्याला काही शिक्षा आहे का?

आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण करणाऱ्यास १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खिळ्याने ओरखडलेले एक नाव काढण्यासाठी दगडाचा पृष्ठभागच घासावा लागतो, म्हणजे नावासोबत सहाशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाची छिन्नीही पुसली जाते. असे करताना कोणी दिसल्यास स्वतः भांडण न करता लगेच पहारेकऱ्याला सांगावे.

मराठी येत नसेल तर अडचण येईल का?

येणार नाही. या शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू घरोघरी बोलली जाते. विणकामाच्या धंद्यामुळे आलेली तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबे आणि सीमेलगतची कन्नड भाषक मंडळी येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. बागेच्या एकाच बाकावर तीन भाषांत चाललेल्या गप्पा ऐकू येणे ही येथे रोजची गोष्ट आहे.

शाळेची सहल आणायची असल्यास काय करावे?

मुलांची संख्या, सोबतच्या शिक्षकांची नावे आणि दिनांक लिहून संबंधित कार्यालयाला आगाऊ पत्र द्यावे. एका शिक्षकाकडे फार मुले सोपवू नयेत; तटावर तर लहान तुकड्या करूनच न्यावे. आदल्या दिवशी वर्गात १९३० च्या घटनांविषयी तास घ्यावा, म्हणजे जागेवर भाषण करण्याची वेळ येत नाही आणि मुले प्रश्न विचारू लागतात. मुलांना वही आणि पेन्सिल आणायला सांगून तटातील नक्षीचा प्रत्येकी एकच दगड शोधून त्याचे चित्र काढायला लावावे. ‘सगळा किल्ला पाहा’ असे सांगितलेल्या मुलांपेक्षा ही मुले अधिक पाहतात. पाण्याच्या बाटल्या भरून आणाव्यात, स्वच्छतागृहाचा थांबा किल्ल्यात शिरण्याआधीच घ्यावा आणि सहलीची बस पार्क चौकात उभी न ठेवता होम मैदानाच्या बाजूला थांबवता येईल का, हे वाहतूक पोलिसांकडे आधी विचारून ठेवावे.